वांग्याच्या बियांना प्लास्टिकचं पांघरूण

मंगळावरच्या काचघरात सगळं उगवलं होतं. मेथी तरारली, मुळे पोसले, मिरचीला तर तोडून तोडून हात दुखावेत इतका बहर आला. फक्त वांग्याचं बी उगवायचं नाव घेईना. माती तीच, पाणी तेच, ऊबही तीच. मग घोडं अडलं कुठे?

हे बी होतं सुभद्राकाकूंचं. काकू वसाहतीची खानावळ चालवायच्या. पृथ्वी सोडताना त्यांनी माहेरच्या परसातलं बी सोबत आणलं होतं. मागचं पीक बुरशीने गेलं आणि बाजूला राखलेलं तेवढंच बी उरलं. आता तेही उगवेना, तेव्हा त्यांचा संशय पाण्यावर गेला. जमिनीखालचा बर्फ वितळवून पाणी शुद्ध करायचं काम चारू नावाच्या मुलीच्या बाबांकडे होतं. पाणी स्वच्छ आहे असं बाबांनी पुन्हा पुन्हा तपासून सांगितलं, पण काकूंना पटेना. मग इतर लोकही पेला उजेडात धरून पाणी प्यायला लागले. बाबांचं जेवण कमी झालं होतं, आणि चारूला ते पाहवत नव्हतं.

म्हणून तिने कुंडीतलं एक बी उकरलं आणि ती कोठारातल्या ठोकळ्याकडे गेली. ठोकळ्या हा यंत्रमानव. ज्ञान अफाट, पण कुणाचं मन राखून बोलणं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने बी भिंगाखाली धरलं.

"हे बी मेलेलं आहे," तो म्हणाला. "याला कोणीतरी भाजलं आहे."

कोणी भाजलं ते चारूला त्याच क्षणी कळलं.

काकूंच्या गावी वांग्याचं बी राखेत कालवून भिंतीला थापत, म्हणजे ते पुढच्या हंगामापर्यंत टिके. मंगळावर ना चूल, ना राख, ना मातीची भिंत. म्हणून काकूंनी कणकेच्या खळीने बी एका कागदावर चिकटवलं होतं आणि तो कागद खानावळीत टांगला होता. त्याच सुमारास चारूला लॅमिनेशनचं (कागदाला दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकचा थर चढवण्याचं) वेड लागलं होतं. तिने खानावळीचं दरपत्रक लॅमिनेट केलं. त्यावर रस्सा सांडला तरी फडक्याने पुसून लख्ख होई. घरी औषधांच्या वेळांचा तक्ता केला, पंपाशेजारच्या सूचनांवर प्लास्टिक चढवलं. ओल्या हातांनी त्या कितीही हाताळा, शाई फुटत नसे. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. मग एक दिवस बियांचा कागद ओलाव्याने मऊ पडलेला तिला दिसला आणि कोणालाही न विचारता तिने तोही यंत्रात सरकवला. पेरणीच्या वेळी काकूंनी प्लास्टिक कापून बी सोडवलं आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. तो लाडू आठवून चारूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण मी तर फक्त पांघरूण घातलं होतं," ती पुटपुटली.

ठोकळ्याने तिला टप्प्याटप्प्याने समजावलं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला चिकट द्रव्याचा थर असतो. यंत्रातले रूळ (गोल फिरणाऱ्या दांड्या) उकळत्या पाण्याहूनही गरम असतात. त्यांच्यामधून जाताना तो थर वितळतो, कागदाला धरतो आणि गार झाला की घट्ट बसतो. मग हवा, पाणी, तेल कशालाच आत वाट उरत नाही. कागदाला हे सगळं मानवतं, कारण कागद जिवंत नसतो. बियांच्या पोटात मात्र भ्रूण (झोपलेलं इवलंसं रोप) असतं आणि ते हळूहळू श्वास घेत असतं.

"भाजलेला शेंगदाणा उगवतो का?" ठोकळ्याने विचारलं.

चारूने नकारार्थी मान हलवली. विचारल्याशिवाय ठोकळ्या कोणाला काही सांगत नसे. म्हणजे ती गप्प बसली असती, तर हे कधी कोणाला कळलंही नसतं. या विचाराचीच तिला जास्त लाज वाटली.

ती तडक खानावळीत गेली. पंगत बसलेली होती. बाबा एका कोपऱ्यात एकटेच जेवत होते. चारू काकूंसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, पाणी चांगलं आहे. बी मी मारलं. लॅमिनेशनच्या आचेने."

मग तिने सगळं सांगितलं, मान खाली घालून. काकूंनी वाढायचा डाव खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. त्या चार शब्द रागावल्या असत्या तर बरं, असं चारूला वाटलं. थोड्या वेळाने काकू बाबांपाशी गेल्या, बाबांच्या ताटात त्यांनी स्वतः भाकरी वाढली आणि सगळ्यांच्या देखत त्यांची माफी मागितली. ते पाहून चारूला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला बोलावून घेतलं. पुढच्या यानातून गावचं बी पाठवा, असा निरोप त्यांनी माहेरी धाडला होता. बी आल्यावर ते चारूनेच सांभाळायचं, असं त्या म्हणाल्या. चारूचा कानांवर विश्वास बसेना.

"मी? माझ्या हातून तर..."

"म्हणूनच. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मला तसाच माणूस हवाय."

चारूने कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'आत बी आहे. ते जिवंत आहे. कोरडं ठेवा, गार ठेवा, आच लावू नका.' तो कागद तिने लॅमिनेशनच्या यंत्रातून काढला, गार होऊ दिला आणि येणाऱ्या बियांसाठी ठेवलेल्या रिकाम्या डब्यावर बाहेरून चिकटवला.