सातव्या रांगेची मोजणी

हदगावच्या कॉलेजात देविका वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून जेमतेम सहा महिने झाले होते, आणि तेवढ्यात तिच्या गळ्यात चारशे बारा झाडांचं लोढणं येऊन पडलं. खरं सांगायचं तर तिनंच ते हौसेनं ओढवून घेतलं.

त्याचं असं झालं. छत्तीस वर्षांपूर्वी याच कॉलेजातले मार्तंड सर पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात जाऊन आले. तिथल्या रानातली तीच ती झाडं माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर वर्षी मोजतात, आणि त्याच्याही पलीकडे, जिथं झाड म्हणून उगवत नाही त्या गारठलेल्या माळावर, वीतभर झुडपांचीसुद्धा नोंद ठेवतात, हे पाहून सर वेडेच झाले. परत आल्यावर पैनगंगेच्या अलीकडं सागाच्या रानात त्यांनी एक तुकडा आखला. झाडाझाडाला नंबराची पट्टी ठोकली. दर जानेवारीत छातीच्या उंचीवर टेप लावायचा आणि बुंध्याचा घेर लिहायचा, असा नेम घातला. पुढं सर निवृत्त होऊन नांदेडला गेले. नेम मात्र चालला, कारण टेप धरायला दगडोबा होता. रानाशेजारच्या गावचा हा माणूस एकही साल चुकला नव्हता.

तो दगडोबा गेल्या श्रावणात वारला. नवे प्राचार्य म्हणाले, "आता पाच वर्षांतून एकदा मोजा की. झाडं काय पळून चाललीत?"

"सर, एक साल चुकलं की साखळी तुटली," देविका म्हणाली. "यंदाचं मी करून दाखवते. मग काय ते ठरवा."

टेप धरायला दगडोबाचा श्रीमंत नावाचा पुतण्या आला. पन्नाशीचा, कापूस-सोयाबीन पिकवणारा, आणि तोंडाला क्षणाची उसंत नसलेला. पहिले दोन दिवस असे हसत गेले की थंडी कळलीच नाही. "म्याडम, ह्यो धावडा लई आळशी बगा. धा वर्सांत चार बोटं वाढला. आमच्या थोरल्यावानी!" अशी त्याची झाडागणिक टिप्पणी. दुपारी तो हटकून दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या ऐनाच्या झाडाखाली भाकरीचं गाठोडं सोडायचा. उन्हाळ्यात शेळ्या चारताना झोपही तिथंच काढतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातवी रांग होती. या रांगेच्या मधोमध बांबूचं दाट बेट आहे. पलीकडचा माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा गार वास येत होता.

"तुमी हितंच बसा, म्याडम. मी आलोच," म्हणून श्रीमंत निघून गेला. देविका वही उघडून दगडावर टेकली. थोड्या वेळानं बेटापलीकडून आवाज आला.

"दोनशे एकाहत्तर. साग. साडेब्याण्णव."

तिनं लिहून घेतलं आणि "बरं" म्हणाली. आवाज जरासा घोगरा होता. थंडीनं घसा बसला असेल, तिला वाटलं.

"लिव्हलं का, माय?"

"लिहिलं, लिहिलं."

"पुढं... दोनशे बहात्तर. मोई. एकशे चार."

झाडामागून झाड, आवाज संथपणे पुढं सरकत होता. कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही. श्रीमंतनं आज थट्टा कशी केली नाही, एवढंच तिला नवल वाटलं. मध्येच एकदा आवाज थांबला.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी... न्हाई."

"नाही म्हणजे?"

मग पुढचा नंबर आला. दोनशे शहाण्णवला रांग संपली, रान गप्प झालं. देविका पानं चाळत होती, तेवढ्यात तिच्या पाठीमागून करकर, करकर पाचोळा वाजत आला. वळून बघते तर श्रीमंत! दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, आणि टेप गळ्यात.

"वढ्याला पानी लई कमी हाय. भरायला येळ लागला," तो धापा टाकत म्हणाला. "चला, करायचं का चालू?"

देविकानं वहीकडं पाहिलं. पंचवीस झाडांची मापं तिनं लिहून घेतली होती. आणि आता तिच्या ध्यानात आलं... वाळलेलं सागाचं पान पापडासारखं असतं, खारुताई पळाली तरी बैल चालल्यासारखं वाजतं. इतका वेळ या झाडापासून त्या झाडापर्यंत कुणीतरी गेलं होतं, पण एक पान वाजलं नव्हतं.

तिनं सगळं सांगितलं. "लिव्हलं का, माय" ऐकल्यावर श्रीमंतनं कॅन खाली ठेवले आणि बेटाकडं तोंड करून हात जोडले.

"चुलतं हाय आमचं त्ये," तो दबक्या आवाजात म्हणाला. "भिऊ नका, म्याडम. जित्तेपनी सुदिक दुसऱ्याला काम करू द्येत नव्हतं."

ती हसली. मग उठली आणि म्हणाली, "तरी पण आपण मोजायचं. ऐकीव आकडे वहीत चालत नाहीत."

दोघांनी अंगाला अंग लावून रांग मोजली. प्रत्येक झाड ऐकलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरलं. कुठं अर्धा सेंटिमीटर, कुठं एक. श्रीमंतला हे फार लागलं. "म्हातारं चुकलं? छत्तीस वर्सांत चुकलं न्हाई त्ये!" आणि दोनशे अठ्ठ्याऐंशीचा ऐन तर हिरव्या पानांसकट ताठ उभा होता. देविकानं टेपचे आकडे शाईनं लिहिले आणि ऐकलेले शेवटच्या पानावर पेन्सिलीनं. श्रीमंतनं मात्र त्या दिवशी भाकरी दुसऱ्या झाडाखाली सोडली, आणि पुन्हा म्हणून त्या ऐनाकडं फिरकला नाही.

अहवाल गेला. मार्तंड सरांनी प्राचार्यांना स्वतः फोन केला म्हणे. आणखी एका सालाची परवानगी मिळाली.

पुढच्या जानेवारीत दोघं पुन्हा सातव्या रांगेच्या तोंडाशी उभे राहिले. श्रीमंतनं पहिल्या सागाला टेप लावला. "साडेब्याण्णव," म्हणाला, आणि तसाच टेप धरून उभा राहिला. देविकानं पेन्सिलीचं पान काढलं. मोई, एकशे चार. त्यापुढचंही तेच. एकेक झाड त्या पानाबरहुकूम उतरत गेलं. दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या जागी आडवं खोड होतं. वैशाखातल्या वावटळीत, भर दुपारी, तो ऐन पोखरलेल्या बुडातून मोडला होता.

"माझ्या झोपायच्या येळंला," श्रीमंत म्हणाला. खोडावरून हात फिरवत तो उकिडवा बसला. मग त्यानं तोंड पुसलं. "म्याडम, म्हातारं तर पुढल्या सालाचं माप सांगून राहिलं व्हतं! म्हंजी आपल्याला यायचं कामच न्हाई. नुसतं ऐकायचं."

"मोजायला यायचंच, मामा," देविका म्हणाली. "न येऊन कसं ऐकणार?"

दोघं खळखळून हसले. ऊन छान वर आलं होतं. दोघं भाकरी-ठेचा सोडून बसले, आणि पहिला घास तोंडात जातोय तोच बेटापलीकडून तो घोगरा आवाज आला.

"पाचशे एक. साग. बावीस."

या रानात पाचशे एक नंबरचं झाड नाही. पण त्यापेक्षा देविका दचकली ती पुढच्या आवाजानं. कुणीतरी तो आकडा परत म्हणत होतं. बाईचा आवाज, थकलेला, खरबरीत. आकड्यानंतर ती म्हणत होती, "बरं."

श्रीमंतनं घास तसाच धरला. "म्याडम... आवाज तर तुमचा हाय. पर म्हातारा झालेला." मग हळूहळू त्याचं तोंड हसरं झालं. "मंग भ्यायचं कशापायी? आजून लई वर्सं पडलीत तुमच्याजवळ! आन् रान बी वाढलेलं दिसतंय."

देविका घाबरली होती, पण खोटं कशाला, तिला आनंदही झाला. पाचशे एक! म्हणजे साखळी तुटली नाही. ती कान देऊन ऐकत राहिली. पाचशे दोन... पाचशे तीन... पाचोळ्याचं एक पान वाजत नव्हतं.

पाचशे चारला बाईचा आवाज अडला. मग ती अगदी कुजबुजत म्हणाली,

"दगडोबाकाका, हळू... ते दोघं ऐकायलेत."