डभोईहून, सकाळी आठला

निरुपमा फणसे आणि शुभंकर दिघे यांची पहिली भेट झाली ती टेलिफोनवर, आणि तीही सांडलेल्या चहामुळे.

बडोद्याच्या कलेक्टर कचेरीत, म्हणजे कोठीत, पावसाळ्यापुरती पूर नियंत्रणाची एक खोली उघडत असे. तिथं निरुपमाला चार महिन्यांची हंगामी नोकरी लागली होती. नव्वदीची मधली वर्षं होती ती. अलकापुरीत दर महिन्याला नवं चकचकीत दुकान उघडत होतं, घरोघरी केबल येत होती. या खोलीत मात्र तोच काळा जाडजूड फोन आणि तीच लांबलचक वही. सकाळी तालुक्या-तालुक्यांतून फोन येत, कालपासून आजपर्यंत किती पाऊस पडला ते सांगत. निरुपमानं आकडा लिहायचा, ‘लखी लीधुं’, म्हणजे लिहून घेतलं, म्हणायचं आणि फोन ठेवायचा. सगळं बोलणं गुजरातीत.

जुलैचा दुसरा आठवडा असेल. बरोबर आठला डभोईच्या मामलतदार कचेरीतून एक नवा आवाज आला.

“हलो, बेन, डभोई. वरसाद बावीस मिली— अरे देवा! मेलो! सगळा चहा वहीवर!”

निरुपमाला हसू आवरेना. ती मराठीतच म्हणाली, “आधी वही उचला. मग पाऊस सांगा.”

पलीकडे वही झटकल्याचा आवाज झाला. मग हळूच — “तुम्ही... मराठी?”

“फणसे. कारेलीबाग.”

“मी दिघे. किल्ल्याच्या हिराभागोळ दरवाजाच्या आत घर आहे. पणजोबा गायकवाडीत कारकून होऊन डभोईला आले ते इथलेच झाले. थांबा हं... बावीस की बत्तीस, चहाखाली गेलंय. बावीस. बावीसच.”

“चहा धरून, की चहा सोडून?”

तो इतका मोकळा हसला, की निरुपमानं फोन ठेवल्यावरही ते हसू बराच वेळ तिच्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी आकडा सांगून झाल्यावर तो म्हणाला, “आईनं काल पंख्याखाली पापड वाळत घातले. पंखा पाचवर. आता शेजाऱ्यांच्या घरातून एकेक गोळा करतोय.” तिसऱ्या दिवशी निरुपमानं सांगितलं, की तिची मैत्रीण प्राची तिला भर पावसात कमाटीबागेत घेऊन गेली, आणि बाकी सगळे पळत असताना एक मोर मात्र बाकावर बसून होता, अगदी पेन्शनर बसावा तसा. मग हे रोजचंच झालं. सरकारी फोन, त्यामुळे बोलणं दोन-तीन मिनिटांचंच. पण त्यात काय काय मावायचं! शुभंकर मित्रांबरोबर चांदोदला गेला, नावेत पहिला चढला आणि छत्री नर्मदेला वाहून आला. त्याच्या आईनं, शालिनीबाईंनी, त्या छत्रीचं दुःख तीन दिवस केलं. निरुपमानं रावपुऱ्यात सेव-उसळ खाल्ली आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तर उसळवाला म्हणाला, बेन, रडू नका, अजून एक पाव देतो.

“आज आवाज बसलाय तुमचा,” तो एकदा म्हणाला.

“भिजले काल.”

“आल्याचा काढा घ्या. आणि डभोईचा पाऊस आज शून्य लिहा. तुम्हाला बरं वाटेपर्यंत आम्ही इकडे थांबवून धरतो.”

निरुपमानं गालातल्या गालात हसत ‘शून्य’ लिहिलं. खरोखर शून्यच होता तो.

ती सव्वीस वर्षांची होती. घरी दोघंच, ती आणि तिचे बाबा. दीनानाथ फणसे शाळेत इतिहास शिकवायचे. वर्गात त्यांनी पानिपत सुरू केलं की शेजारचे वर्गसुद्धा चिडीचूप व्हायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हात थोडा सुधारला. शब्द मात्र अडकायला लागले. मनात सगळं लख्ख, पण ओठांवर यायला वेळ लागे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढा धीर नसायचा. बाबांनी ‘मला...’ म्हटलं, की समोरचा म्हणे, ‘पाणी हवंय?’ हळूहळू बाबांनी बोलणंच सोडलं. मधे पुण्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. पण त्याची आई जाता जाता म्हणाली, “वडिलांची कुठंतरी सोय लावा, मग तारीख काढू.” निरुपमानं त्याच संध्याकाळी नकार कळवला, आणि लग्नाचा विषय स्वतःपुरता मिटवून टाकला.

यातलं काहीही तिनं शुभंकरला सांगितलं नव्हतं. तो विचारायचा, “बाबा काय म्हणतात?” ती म्हणायची, “बरे आहेत.” तेवढंच.

ऑगस्ट लागला, आणि एका सकाळी डभोईचा आकडा सांगून झाल्यावर शुभंकर जरा अडखळला.

“एक सांगू? मला आता तुम्हाला बेन म्हणवत नाही.”

निरुपमानं पेन खाली ठेवलं. “मग... म्हणू नका.”

“रविवारी बडोद्याला येतोय. सूरसागरच्या काठी, पाच वाजता... याल?”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. ‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. पण पाठोपाठ पुण्याच्या त्या बाईंचा चेहराही आला. मैत्री आहे ती बरी आहे, तिला वाटलं. पुढं गेलं की मोजमाप सुरू होतं.

“नको,” ती म्हणाली. “फोनवर आहे तेवढंच राहू दे.”

“बरं,” तो म्हणाला. रागावला नाही, पण त्यानंतर तो फक्त आकडा सांगू लागला. “डभोई. अकरा.” “लिहिलं.” “डभोई. चार.” “लिहिलं.” निरुपमाला पहिल्यांदाच कळलं, की आकडे किती कोरडे असू शकतात.

आणि मग तो पाऊस आला. तीन दिवस, तीन रात्री, खंड नाही. विश्वामित्री फुगली, काठ सोडून रस्त्यांवर आली. चौथ्या दिवशी सकाळी कोठीतले फोन सारखे खणखणत होते. आता दर दोन तासांनी आकडे यायचे होते. साडेनवाला कुणीतरी कळवलं, कारेलीबागेतल्या सखल सोसायट्यांत कमरेएवढं पाणी आहे, आणि पाण्याबरोबर मगरीही आल्यात.

निरुपमानं घरी फोन लावला. फोन मेलेला होता. घर तळमजल्यावर. वरचे शेजारी सुरतेला गेलेले. बाबा एकटे. दुसऱ्या पाळीला तिच्या जागी येणारी मुलगी पाण्यात अडकली होती, आणि कचेरीच्या जीप केव्हाच माणसं काढायला गेल्या होत्या. ती तिसऱ्यांदा नंबर फिरवणार तोच फोन वाजला.

“डभोई. दोन तासांत साठ.”

तिच्या तोंडून ‘लिहिलं’ निघेना.

“काय झालं?” शुभंकर म्हणाला. मग मोठ्यानं, “निरुपमा, काय झालं?”

तिनं सांगितलं. घर, पाणी, बाबा एकटे. आणि इतके दिवस झाकून ठेवलेलं तेही सगळं एका दमात.

“पत्ता सांगा,” तो म्हणाला. “माझा मावसभाऊ कुणाल हरणीला राहतो. मंडपाचं काम आहे त्याचं, उंच टेम्पो आहे. पण अनोळखी माणसाबरोबर येतील ते?”

“कुणी घाई केली, की त्यांचे शब्द अडकतात. मग घाबरतात.”

“मग कुणी घाई करणार नाही. सांगतो त्याला.” आणि फोन ठेवण्याआधी, “तुम्ही तिथं एकट्या नाही आहात हं.”

पुढचे दोन तास निरुपमानं वाघोडिया तालुक्याचा पाऊस लिहिला, सावलीचा लिहिला, पादऱ्याचा लिहिला. अक्षर तिचं तिलाच ओळखू येईना. प्रत्येक फोनला वाटे, हाच. साडेअकराला तो आला.

“हरणीला पोचले!” शुभंकर ओरडलाच. “कुणालनं पाठुंगळीला घेऊन टेम्पोत बसवलं. मावशीनं कोरडे कपडे दिले, खिचडी-कढी जेवले. अगदी ठीक आहेत.”

निरुपमा टेबलावर डोकं ठेवून रडली. तो पलीकडे थांबला.

“आणि ऐका,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “आम्ही अर्धा तास बोललो. मी आणि बाबा.”

“बोललात? बाबा फोनवर बोलत नाहीत.”

“बोलले की. मधेमधे थांबत होते. मग मीही थांबत होतो. डभोईच्या किल्ल्याबद्दल सांगितलं त्यांनी. मी रोज त्या दरवाजातून जातो, पण मला ठाऊक नव्हतं एवढं. शाळेची सहल आणली होती म्हणे इथं. तुम्हीही होतात, दोन वेण्या घातलेल्या. आइस्क्रीम मिळेना म्हणून बससमोर मांडी घालून बसलात, आणि अख्खी सहल अडवलीत.”

रडता रडता निरुपमा हसली. “ते सगळं... बाबांनी सांगितलं? पूर्ण?”

“पूर्ण. आइस्क्रीम कोणतं होतं तेसुद्धा.”

संध्याकाळी जीपनं तिला हरणीला सोडलं. बाबा मावशींच्या झोपाळ्यावर बसले होते, अंगात कुणालचा ढगळ सदरा. तिनं त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. त्यांनी तिचे केस कुरवाळले आणि सावकाश, एकेक शब्द शोधून म्हणाले, “त्या... मुलानं... ऐकून... घेतलं.”

निरुपमाला त्या क्षणी इतकं भरून आलं, की कुणाचे म्हणून आभार मानावेत कळेना. कुणालचे, मावशींचे, त्या उंच टेम्पोचे, की डभोईला बसलेल्या, अजून एकदाही न पाहिलेल्या त्या माणसाचे.

रविवारपर्यंत पाणी ओसरलं. घरात वीतभर गाळ होता. बाबांना हरणीलाच ठेवून निरुपमा एकटी साफ करायला आली. पदर खोचून ती बादल्या ओतत होती, तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला. मध्यम उंची, थोडा गोलसर, चष्मा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर फावडं. म्युनिसिपालिटीची माणसं सोसायटीत फिरतच होती.

“भाई, गटर पाछळ छे,” ती मान वर न करताच म्हणाली.

तो मुकाट्यानं मागं गेला. अर्धा तास फावड्याचा आवाज येत राहिला. मग तो पुढं आला, कोपरापर्यंत चिखलात.

“गटार झालं. आता काय काढू?”

तो आवाज! निरुपमाच्या हातातली बादली सुटली.

“तुम्ही? आणि मी तुम्हाला... अहो, बोलायचंत ना!”

“तुम्ही फोनवर आहे तेवढंच म्हणाला होतात,” तो चष्मा पुसायला लागला, त्यामुळे काचांवर आणखी चिखल लागला. “मग वाटलं, आधी गटार काढावं. बोलायचं मागाहून बघू.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मनात तिनं कुणी उंच, सडपातळ माणूस उभा केला होता. तो कुठं गेला, कळलंही नाही. हा समोरचाच बरा होता. हाच हवा होता.

“मला तुमचे आभार—”

“त्याबद्दल नको,” तो पटकन म्हणाला. “आभाराच्या ओझ्यानं काही बोलू नका. मग मला खरं-खोटं कळायचं नाही.”

निरुपमा पायरीवर बसली. तो दोन हात अंतर सोडून बसला.

“मग खरंच सांगते,” ती म्हणाली. “सूरसागरला यायला मी ‘नको’ म्हणाले, पण यायचं होतं. भीती वाटली. बाबा माझ्याजवळ राहणार. लग्न झालं तरी. कायम. ‘वडिलांची सोय लावा’ म्हणाले, म्हणून एक स्थळ मी नाकारलं. तुम्हीही तेच म्हणाला असतात तर... ते मला सोसलं नसतं.”

शुभंकरनं जरा विचार केला.

“आमच्या घरी माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. पण बाबांना खाली ठेवू, जिना नको. फक्त एक अडचण आहे.”

“काय?”

“माझी आई. ती फार बोलते. दिवसभर. आजवर तिचं कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. बाबांना चालेल का, ते विचारावं लागेल.”

निरुपमानं ओंजळीत तोंड लपवलं. ती हसत होती की रडत होती, ते शुभंकरला कळेना, म्हणून तो पुन्हा थांबून राहिला.

“विचारा ना मग,” ती ओंजळीतूनच म्हणाली. “त्या दिवशी सूरसागरच्या काठी जे विचारणार होतात ते.”

“त्या दिवशी ‘सेव-उसळ खाणार का’ एवढंच विचारणार होतो. आता... वाढलंय ते.”

“वाढलेलंच विचारा.”

त्यानं विचारलं. इतक्या हळू, की शेजारच्या छपरावरून निथळणाऱ्या पाण्यातही ते विरून गेलं असतं. निरुपमाला मात्र शब्दन् शब्द ऐकू आला.

“हो,” ती म्हणाली.

शुभंकर एकदम उठून उभा राहिला. “मग आईला बोलावू?”

“आज? डभोईहून?”

“नाही... कोपऱ्यावर. रिक्षात बसलीय. म्हणाली, मुलगी हो म्हणाली तर हाक मार, नाहीतर मला परस्पर बहिणीकडे सोड, मी काही कळू देणार नाही.”

“अहो, तासभर झाला!”

निरुपमा तशीच धावली, अनवाणी. कोपऱ्यावरच्या रिक्षात जांभळ्या इरकलीतल्या एक ठेंगण्या बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या, आणि रिक्षावाला हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे बघत होता.

“आलीस? किती गं वेळ! या भाईंना माझी दोन्ही बाळंतपणं सांगून झाली, आता काय सांगायचं उरलंय?” शालिनीबाईंनी तिचा चिखलानं माखलेला चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, नीट न्याहाळला, आणि त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले.

“खाली फार निसरडं आहे,” निरुपमा म्हणाली. “माझा हात धरा, आई.”

तो शब्द तिच्या तोंडून आपसूक गेला. स्वतःची आई गेल्यापासून नऊ वर्षांत तिनं तो कुणाला उद्देशून उच्चारला नव्हता. शालिनीबाईंनी पिशवी रिक्षातच टाकली, चपला काढल्या, इरकल वर धरली आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरल्या. मग त्या दोघी चिखलातून निघाल्या, घसरत, एकमेकींना सावरत, हसत. मागून शुभंकर पिशवी आणि चपला घेऊन येत होता.