बाहेरच्या मुलीला बोलू द्या

माझी गाडी वेस्ट टॅमरॅकच्या चढावर चिखलात रुतली, तेव्हा मी स्टिअरिंगवर हात आपटत तिला चांगलंच फैलावर घेत होते. बर्फ वितळायला लागला की व्हरमॉन्टच्या कच्च्या रस्त्यांचं काय होतं, ते मला का ठाऊक नव्हतं? याच राज्यात कॉलेजात शिकत होते मी! पण लक्ष रस्त्याकडे होतंच कुठे?

काचेवर टकटक झाली. बाहेर एक लाल लोकरी टोपी, तिच्याखाली थंडीनं तितकेच लाल झालेले कान, आणि मागे घुरघुरणारा ट्रॅक्टर.

"आत दुसरं कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही. का?"

"भांडण ऐकू आलं... म्हटलं सोडवावं."

मला हसायचं नव्हतं. तरी हसू फुटलंच. तो चिखलात गुडघा टेकून साखळी बांधायला लागला. त्याच्या कोटाला लाकडाच्या धुराचा आणि मेपलच्या झाडांच्या आटवलेल्या रसाचा वास येत होता. छे, इतका गोड वास पुरुषाच्या कोटाला असू नये!

"गावात कोणाकडे निघालात?"

"सगळ्यांकडेच. मी डेल्फीन रूसो. तुमच्या गावसभेवर संशोधन करतेय."

"आमच्या सभेवर? बापरे! म्हणजे नेमकं काय करणार?"

"बघणार. मी निरीक्षक आहे. निरीक्षकानं नुसतं बघायचं, बोलायचं नाही."

"असं होय..." तो हात झटकत उठला. "मग मघापासून चाललंय ते काय?"

ऑरिन पाइक त्याचं नाव. अशी सुरुवात झाली, बघा.

आमच्याकडे मार्चच्या सुरुवातीला एकेक गाव आपल्या सभागृहात जमतं आणि रस्त्यापासून शाळेपर्यंत सगळं एकमेकांच्या तोंडावर ठरवतं. माझ्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. सगळ्या अमेरिकेत माणसं आपापल्या बाजूला घट्ट चिकटून बसलीत, टीव्हीसमोर ओरडतात, दुसऱ्याचं म्हणून ऐकत नाहीत. मग जिथं शेजारी शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलतो, तिथं तरी कोणाचं मत बदलतं का? मागच्या वर्षापासून मी गावोगावच्या सभा बघत होते, आणि खरं सांगते, असा एकही माईचा लाल मला अजून सापडला नव्हता. वेस्ट टॅमरॅक हे शेवटचं गाव. माझ्या मार्गदर्शक इबारा मॅडमनी बजावलं होतं, "डेल्फीन, भिंत हो. भिंतीनं तोंड उघडलं की त्या गावाची नोंद बाद."

पण भिंत व्हायला निघालेल्या मुलीनं एकाच गावात इतक्या फेऱ्या मारू नयेत. सभेआधी लोकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, हे खरं. पण ऑरिनची मुलाखत काही केल्या संपेना, त्याला मी तरी काय करणार?

तो रस आटवायच्या खोपटात असायचा. आत नुसती पांढरी वाफ. त्या वाफेतून तो हसला की आधी दात दिसायचे, मग डोळे. गावातल्या म्हाताऱ्यांना तो आपल्या जीपमधून दवाखान्यात न्यायचा. या हिवाळ्यात जीपनं मान टाकली. आता गावानंच एक व्हॅन घ्यावी, असा ठराव तो मांडणार होता. आडव्या येणार होत्या थेयरबाई. त्यांनी निम्म्या गावाला शाळेत शिकवलं होतं आणि अजून आपला जुनाट ट्रक त्या स्वतः हाकायच्या. ऑरिनच्या फाटकाबाहेरची टपालपेटी त्यांनी इतक्यांदा आडवी केली होती, की शेवटी त्यानं ती दोरीनं झाडालाच बांधून टाकली.

"तुझं काय मत? व्हॅन हवी की नको?" एकदा त्यानं विचारलं. "तुम्ही" कधी गळून पडलं, आठवत नाही.

"भिंतीला मत नसतं."

"भूक असते का?"

त्यानं ताटलीभर ताज्या बर्फावर कढत पाक ओतला. तो आवळून सोन्यासारखा चिवट झाला. काट्यावर गुंडाळून मी तोंडात टाकला, वर त्यानं आंबट काकडीचा तुकडा पुढे केला.

"आधी गोड, मग आंबट. म्हणजे परत गोड खाता येतं." मग तो थांबला. "भिंतीच्या हनुवटीला पाक लागलाय... पुसू? की नोंद बाद होईल?"

"होईल," मी म्हणाले, आणि आपलं आपण पुसून टाकलं. परतीच्या वाटेवर मात्र मला स्वतःचा इतका राग आला म्हणून सांगू!

सभेचा दिवस उजाडला. सभागृहात लोखंडी शेगडी धगधगत होती, बायकांच्या विणकामाच्या सुया चालू होत्या, स्वयंपाकघरातून शिजलेल्या घेवड्याचा वास येत होता. मी दाराजवळच्या, बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले. ऑरिननं ठराव मांडला. कान लालबुंद, पण बोलला छान. त्याच्या जीपमधून आपल्या बायकोला उपचारांना कसं नेलं, ते ॲब्नर कोल्बी आजोबांनी काठीवर रेलून सांगितलं.

थेयरबाई उठल्या. "आज व्हॅन घ्याल. उद्या म्हणाल, बाई, व्हॅन आहे ना, मग तुमच्या ट्रकची किल्ली द्या! मी ओळखून आहे."

"बाई, तुमच्या किल्लीला कोणी हात लावणार नाही. शब्द देतो."

"शब्द देणारे पुष्कळ बघितलेत मी. खाली बस, ऑरिन."

तो निमूटपणे खाली बसला. बाईंचाच विद्यार्थी ना!

आवाजी मतदानात काही कळेना. एरवी दुकान चालवणारे क्लेमकाका हकिन्स आज सभाध्यक्ष होते. त्यांनी हातोडी आपटली. "उठा सगळे! होकारवाले खिडकीकडे, नकारवाले शेगडीकडे. लॉटी मोजेल."

एकच खुर्च्यांचा खडखडाट झाला. ॲब्नर आजोबा माझ्याशेजारीच अडकले होते. "पोरी, जरा हात दे गं." मी त्यांना धरून खिडकीपर्यंत नेलं. त्यांनी माझा दंड घट्ट पकडला होता, सोडवून कसा घेणार? तेवढ्यात क्लेमकाकांच्या बायको लॉटीकाकू एकेकाच्या खांद्याला हात लावत, पुटपुटत आल्या. आजोबांच्या खांद्याला हात. माझ्या खांद्याला हात. मी तोंड उघडेपर्यंत त्या पुढेही गेल्या. मला वाटलं, वगळलं असेल मला... गावातलं कुत्रंसुद्धा कोणाचं ते यांना ठाऊक असतं.

"ठराव एका मताने मंजूर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ऑरिननं टोपी वर उडवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. असा आनंद मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलाय. आणि मला आठवलं, मोजताना माझ्याही खांद्याला हात लागला होता. ते एक मत माझं होतं.

गप्प बसले असते तर? व्हॅन आली असती, ऑरिन खूश, आजोबा खूश, माझी नोंदही शाबूत. पण मग मी इतके दिवस कसलं डोंबलाचं संशोधन करत होते? मी हात वर केला.

"बाहेरच्या माणसाला बोलायचं तर सभेची परवानगी लागते," क्लेमकाका म्हणाले. "कोण मांडतं?"

"मी मांडतो!" ऑरिन हसत उठला. त्याला वाटलं, मी अभिनंदन करणार. "बाहेरच्या मुलीला बोलू द्या!"

सगळ्यांनी हसत होकार दिला. मी उठून उभी राहिले.

"लॉटीकाकूंनी... मला मोजलंय. मी खिडकीपाशी होते ती आजोबांना धरून. मी इथली नाही. ते मत धरू नका."

सुया थांबल्या. ऑरिनकडे बघायचा मला धीर होईना. तरी बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"अगं बाई!" लॉटीकाकूंनी गालाला हात लावला. "महिनाभर दुकानात बघतेय हिला... आपलीच म्हणून मोजली की हो मी!"

क्लेमकाकांनी घसा खाकरला. "म्हणजे मतं समसमान. समसमान म्हणजे ठराव पडला. पण मोजणीच चुकली आहे, तेव्हा परत मोजू. उठा."

सगळे पुन्हा आपापल्या बाजूला गेले. शेगडीपाशी थेयरबाई विणकामाची पिशवी धरून उभ्या होत्या. उभ्या होत्या... आणि मग चालायला लागल्या. खिडकीकडे!

"बाई, तुम्ही चुकून—" क्लेमकाका म्हणाले.

"मी कधी चुकून चालले आहे का, क्लेम?" बाई खिडकीपाशी येऊन वळल्या. "मला वाटायचं, हे व्हॅनवाले काय वाटेल ते कबूल करतील. पण यांच्या बाजूला उभं राहून ही पोर जिंकलेलं हातचं सोडते, तर यांच्या शब्दावर मला विश्वास ठेवता येईल. मात्र ऑरिन, माझी किल्ली मागितलीस तर याद राख!"

ठराव मंजूर झाला. या खेपेस खरोखरचा.

जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यात तोंड लपवून बसले होते. समोर ॲपल पायची बशी आली, तिच्यामागे ऑरिन.

"तू मला बुडवायला निघाली होतीस."

"हो."

"तेही मीच मांडलेल्या परवानगीवर!"

"हो... रागावलायस?"

"थोडा वेळ रागावलो होतो. मघाशी बुटांकडे बघत होतो, तेवढा वेळ." तो हसला, अगदी डोळ्यांपर्यंत. "इतकं सरळ मला कोणी बुडवलं नव्हतं गं."

"आणि माझं बघ की! सगळ्या संशोधनात मत बदललेलं एकच माणूस सापडलं, थेयरबाई. तेही मला धरता येणार नाही. भिंत बोलली ना... नोंद बाद."

"म्हणजे आता तू भिंत नाहीस?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि कान लाल करून निघून गेला. मला काही कळेना.

दुपार कलली. शेवटी क्लेमकाका म्हणाले, "आयत्या वेळचे विषय. कोणाचं काही?"

खिडकीपाशी ऑरिन उभा राहिला.

"यात बंधनकारक काही ठरवता येत नाही, ठाऊक आहे ना?" क्लेमकाकांनी बजावलं.

"ठाऊक आहे. नुसती शिफारस आहे." त्यानं टोपी हातात चुरगाळली. "डेल्फीन रूसो हिनं शनिवारी माझ्याबरोबर जेवायला यावं, अशी गावानं तिला शिफारस करावी. कारण... मला ती आवडते. म्हणजे, फार आवडते. चिखलात सापडली तेव्हापासून."

कोणीतरी शिट्टी मारली. माझ्या कानांचं काय झालं, ते न बघताही कळत होतं.

"अनुमोदन!" थेयरबाई सुयांवरून नजर न उचलता म्हणाल्या. "आणि एक दुरुस्ती. दर शनिवारी."

"दुरुस्ती मान्य!" ऑरिन घाईघाईनं म्हणाला.

"होकार?" खिडक्यांची तावदानं हादरली. "नकार?" स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून झाकण पडलं, तेवढाच काय तो आवाज.

मी हात वर केला. क्लेमकाकांनी चष्मा सावरला. "बाहेरच्या मुलीला बोलायचं तर परवानगी—"

"अहो, बाहेरची कसली!" लॉटीकाकू कडाडल्या. "मी मोजलंय तिला!"

मग मी बोललेच नाही. दाराजवळच्या बाकावरून उठले आणि गावाच्या देखत, शेगडीच्या बाजूनं, विणकामाच्या पिशव्या ओलांडत खिडकीपाशी गेले आणि ऑरिनच्या शेजारी उभी राहिले. त्यानं हळूच माझी बोटं धरली. त्याचा हात मेपलच्या पाकानं अजून चिकट होता.

लॉटीकाकू लगबगीनं आल्या. त्याच्या खांद्याला हात लावला, मग माझ्या.

"आता बरोबर झाली मोजणी," त्या म्हणाल्या.