आज उजेड बरोबर नाही

दुपारी अय्युबभाईंचा फोन आला. म्हणाले, "रामदास, एक दिवा घेऊन घरी ये. छोटाच आण." मला वाटलं, नातवाचा वाढदिवस असेल. दिवा, स्टँड आणि वायरचं वेटोळं घेऊन कोंढव्याला निघालो. रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, सामानाला टेम्पो असतो." मी वेटोळं मांडीवर ओढून घेतलं.

अय्युबभाई कॅमेरामन, मी त्यांचा लाइटमन. आधी सिनेमे केले. मग घरोघरी केबल आली तशा मालिका, आणि शेवटी हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतल्या कंपन्यांच्या फिल्मा. आमच्यात रीत अशी, की नट तोंड रंगवत असताना त्याच्या खुर्चीत मी बसायचं. भाई माझ्या तोंडावर उजेड लावणार. नट आला की म्हणणार, "ऊठ रामदास, आले ते." मी उठायचं. माझं तोंड त्यांनी जन्मभर उजळलं, रिळावर ते कधी आलं नाही. मला त्याचं काही नाही.

जुबेदाभाभींना मात्र होतं. म्हणायच्या, "साऱ्या दुनियेच्या सुना उजळल्या यांनी. घरच्या बाईला ट्यूबलाइट!"

भाई हसायचे. "काढतो गं तुझा फोटो. आज उजेड बरोबर नाही."

भाभी गेल्या, तेव्हाही भाई सेटवरच होते. घरात भाभींचा फोटो एकच उरला, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात त्या ओळखूही येत नव्हत्या.

मी पोचलो तर भाई एकटेच. खिडकीजवळ भाभींची वेताची खुर्ची मांडलेली, समोर जुना, रिळाचा कॅमेरा. फ्रिजमधून त्यांनी रिळाचा डबा काढला. शेवटचाच. गरमीनं खराब होऊ नये म्हणून भाभी तो मटणाच्या भांड्यामागं सांभाळायच्या.

"बस," म्हणाले.

मी बसलो. दिवा तापला, तशी त्याच्यावरची धूळ जळल्याचा वास सुटला. भाई कितीतरी वेळ दिवा इकडेतिकडे सरकवत होते.

"डोळ्यांत दिव्याचा ठिपका दिसला पाहिजे, रामदास. नाहीतर जिता माणूस मेलेला दिसतो."

मग माझ्या खांद्यामागं बघत हळूच म्हणाले, "ऊठ... आली ती."

मी उठलो. सवयच ती. जळक्या धुळीच्या वासात भाभींच्या ओल्या मेंदीचा वास मिसळला. रिकाम्या खुर्चीचा वेत कुरकुरला... मी दिव्याच्या स्टँडला घट्ट धरून उभा राहिलो. भाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेरा घरघरू लागला.

"मान जरा वर... हां. फार उशीर केला मी, जुबेदा..."

रीळ संपलं तरी ते डोळा काढीनात. गालावरून पाणी ओघळत होतं.

"ती म्हणते, तुमचा तरी फोटो कुठं आहे घरात..." एवढंच बोलले.

रीळ धुवायला मुंबईला धाडलं. ते परत यायच्या आत भाई झोपेतच गेले.

त्यांच्या मुलीनं, आयेशानं, मला बोलावून धुऊन आलेलं चित्रण टीव्हीवर लावून दाखवलं. तीच खिडकी, तीच खुर्ची. पण खुर्चीत भाभी नव्हत्या. भाई बसले होते. मान जरा वर करून, कॅमेऱ्याकडं बघून हसत होते.

"काका, कॅमेरा तुम्ही चालवला ना?"

"मी दिवा धरून उभा होतो, पोरी..."

"मग?"

मी तिला ते पुन्हा लावायला सांगितलं.

आयेशानं त्यातलाच एक फोटो मोठा करून भिंतीला लावलाय. भाईंच्या डोळ्यांत दिव्याचा ठिपका आहे. फार जवळ गेलं तर त्या ठिपक्याच्या आड, डोक्यावर पदर घेतलेली, कॅमेऱ्यावर वाकलेली बाई दिसते.

अजून जातो मी त्या घरी. खिडकीसमोर आता उंच इमारत उठलीय, खोलीत भर दुपारी अंधार असतो. आयेशा मायेनं तीच वेताची खुर्ची दाखवते. "बसा ना काका."

खोलीभर अंधार, पण खुर्चीवर उजेड असतो. अगदी बरोबर लावलेला. या वेळी बसलो, तर 'ऊठ रामदास' कुणी म्हणणार नाही.

मी उभाच राहतो.