फुलाची कोरी जागा

"अहो, तिथे बसू नका!"

मी दचकून उठले. कासिगाऊ डोंगरावरच्या खडकाआडून एक उंच तरुण धावत आला.

"साप आहे का?"

"नाही, स्नेक प्लांट आहे. रानटी... आणि नव्या जातीचं, बहुतेक."

"बहुतेक?"

"फूल पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही."

असा हा म्वाकिओ. आमच्याच ताइता मुलखातला, पण नैरोबीत वनस्पतिशास्त्रज्ञ. मी वाकेशो, वोईच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्याला चित्रं काढणारं कुणी हवंच होतं.

पानं काठीसारखी गोल, टोकाला टोचणारी. तो मोजायचा, मी रेखाटायचे.

"पान मोजताय की माझा हात?"

"दोन्हींची... नोंद लागते," म्हणताना तो पार गोंधळला. मला तो तेव्हाच आवडला.

चित्र झालं. फुलाची जागा तेवढी कोरी राहिली.

दर पावसात तो यायचा, खडक पाहायचा आणि आमच्या अंगणात चहा प्यायचा.

"वाकेशो, तुम्हाला काही सांगायचं होतं..."

"मग सांगा की!"

"फूल येऊ दे. मग एकदमच सांगतो."

"माणसालाही फूल यावं लागतं वाटतं?"

तो नुसता हसला. मीही मानी, पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी वुंडान्यीच्या म्वादिमेकडून मागणी आली. आई म्हणाली, "तुझ्या झाडांच्या डॉक्टरनं आजवर काय आणलं? पानं!" मी मागणीला हो म्हटलं.

आणि परवा तो धापा टाकत आला. ओल्या फडक्यात फूल... पांढरं, नाजूक, गोड वासाचं.

"आलं! नाव तुमचंच देणार. आणि ते दुसरं, जे सांगायचं होतं..."

तेवढ्यात अंगणात बांधलेल्या, म्वादिमेनं वधूमोल म्हणून पाठवलेल्या बकऱ्या ओरडल्या. ताइता माणसाला मुलीच्या दारातल्या परक्या बकऱ्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

"कधी आल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"रविवारी."

तो खाली बसला. फूल कोमेजायला लागलं होतं, म्हणून मी कागद घेतला आणि कोरी जागा भरली. डोळे भरून येत होते, तरी हात चालत राहिला.

"नाव डोंगराचं द्या," मी म्हटलं.

"का?"

"तो थांबला. मी नाही थांबले."

त्यानं चित्र जपून गुंडाळलं. "फूल फार सुंदर काढलंत."

"घाईत काढलंय," मी म्हटलं.