कड्यावर बोलायचं नाही

अलकाबाईंना आपला आवाज परत हवा होता, आणि तो धामणकड्यावर मधाच्या पोळ्यांच्या रूपानं लटकलेला आहे, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती.

सव्वीस वर्षं त्यांनी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या शाळेत कविता शिकवल्या, पाढे म्हणून घेतले, आणि मागच्या बाकावरच्या टारगटांना जागच्या जागी गारद केलं, सगळं एका आवाजाच्या जोरावर. गेल्या पावसाळ्यापासून मात्र गळ्यातून नुसती हवाच निघायची. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, "जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत घसा सुटला नाही, तर वर्ग दुसऱ्याला देऊ. तुम्ही ऑफिसात बसा." ऑफिसात! वर्गाविना बाईंचा जीव एक दिवसही रमला नसता.

मग सुरू झाले मधमाश्यांचे उपचार. बुधवाऱ्यातल्या दुकानातून मध आला. पाठोपाठ परागकणांची बरणी आली, पोळ्याच्या राळेचा अर्क आला, रॉयल जेलीच्या गोळ्या आल्या. राळेनं जीभ भाजली, परागकणांनी अंगावर गांधी उठल्या, आणि मधाच्या बाटलीत हिवाळ्यात तळाशी चक्क साखर बसली, म्हणजे तो खोटाच, असा निकाल बाईंनी परस्पर देऊन टाकला. डॉक्टरही करून झाले होते. ते म्हणाले होते, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही." बाईंनी मान डोलावली, आणि दवाखान्याच्या पायरीवरच रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली.

"आत्या, डॉक्टरनं साफ बोललं ना, चुप रहना है!" भाची सायली कपाळाला हात लावायची. "फ्रीची दवा आहे, तीच तू घेत नाहीस."

पण बाईंच्या डोक्यात एकच होतं. अस्सल मध, कड्यावरचा, आग्या माश्यांचा, आणि तोही आपल्या डोळ्यांदेखत काढलेला!

जसोंडी गावचा कडू वर्षातून एकदा, वनखात्याची परवानगी काढून, धामणकड्यावर मध काढायला जायचा. एरवी तो कपाशी-केळीवाला शेतकरी. बाई त्याच्या अंगणात जाऊन बसल्या त्या बसल्याच.

"बाई, तिथं काय वर्गाची सहल नाही जात," कडू म्हणाला. "पाय घसरला तर सीधा नाल्यात."

"मी येणार," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

कडूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हसला. "चला मंग. पण दोन गोष्टी आमच्या बापापासून चालत आल्या, त्या पाळा. वासाचं काही आणू नका. तेल, पावडर, गजरा, काहीच नाही. अन् डोंगराला पाय लागला की बोलायचं नाही. एक अक्षरही नाही. बोलण्याची वाफ माशीला बिलकुल खपत नाही. तिथं दोरच बोलतो. एक झटका म्हणजे सोडा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे ओढा."

दोर धरणारा गोटू, म्हणजे कडूच्या बायकोचा सख्खा भाऊ. हीसुद्धा रीतच. "दोर मेहुण्याच्याच हाती देतात," गोटू दात काढत म्हणाला. "बहिणीचं कुंकू आहे ना खाली टांगलेलं. झोप तरी लागते का मला?"

वैशाखातल्या एका सकाळी, तांबडं फुटताना तिघं निघाले. बाईंनी केस नुसत्या पाण्यानं धुतले होते, साडीसुद्धा पेटीतली नाही, दोरीवर वाळलेली नेसली होती. कापडी थैलीत पाण्याची बाटली आणि चार पिकली केळी. घशाखाली दुसरं काही उतरत नव्हतं, आणि बुऱ्हाणपूरचा माणूस घराबाहेर पडतो तो केळी घेऊनच. केळ्याला वास असतो हे तिथं कुणाच्या मनातही येत नाही. घरच्या माणसाच्या घामासारखा तो नाकाला कळेनासाच झालेला असतो.

डोंगराच्या पायथ्याशी कडूनं ओठांवर बोट ठेवलं. तिथून पुढे सगळं मुकं झालं. पानगळीनं उघडी पडलेली सालईची झाडं, पायाखाली कुरकुरणारा सागाचा पाचोळा, दूर कुठेतरी मोराची हाक, आणि मधूनच दरीतून वर येणारी गरम झुळूक. बाईंच्या तोंडाशी दहा वेळा शब्द आले. वाट चुकली का? किती राहिलं? पाणी हवंय का? दहाही वेळा त्यांनी ते गिळले. गुडघे बोंबलत होते, टाचेला फोड आला होता, पण वर्ग परत हवा असेल तर चढायलाच हवं होतं. त्या चढत राहिल्या.

ऊन तापायच्या आत ते माथ्यावर पोचले. खाली साठ-सत्तर हात सरळ तुटलेला कडा, आणि त्याच्या पोटाला सुपाएवढी काळी पोळी. एक नाही, सात! त्यांच्यावरून माश्यांची लाट सरसरत फिरायची तेव्हा अख्खा कडाच शहारल्यासारखा वाटायचा.

कडूनं ओल्या पाल्याची धुरी पेटवून पोळ्यांकडे सोडली. जाड दोराला अंजनाच्या बुंध्याभोवती दोन वेढे दिले, टोक गोटूच्या हाती सोपवलं. मध भरायच्या डब्याचा बारीक दोर बाईंच्या हाती आला. घोंगडी पांघरून कडू कड्यावरून खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

झटका. गोटूनं दोर सोडला. झटका. आणखी सोडला. दोन झटके. थांबला. खालून कोयत्याचा खसखस आवाज आला. थोड्या वेळानं बाईंच्या हातातला दोर जड झाला, आणि तीन झटके बसले. डबा भरला होता! बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हातावर हात टाकत दोर ओढायला सुरुवात केली. निम्म्यावर आल्यावर दम लागला. त्यांनी दोर पायाखाली दाबून धरला, आणि अंगात त्राण यावं म्हणून थैलीतलं एक केळं सोलून निम्मं खाल्लं.

गुणगुण वाढली.

आधी एक माशी आली. मग दहा. मग दरीतून घोंघावत एक काळा पडदाच वर आला! पहिला डंख बाईंच्या मनगटावर बसला. दुसरा कानावर. ओरडायला तोंड उघडणार तोच त्यांनी ते मिटलं. एक अक्षरही नाही! पदर डोक्यावरून ओढून घेत त्यांनी पाहिलं, तर माश्या सगळ्यात दाट बसल्या होत्या त्या थैलीवर. थैलीचं कापड दिसत नव्हतं.

केळी!

बाईंनी थैली पट्ट्याला धरून उचलली आणि जीव खाऊन दरीत भिरकावली. बराचसा थवा तिच्यामागे गेला. पण गोटूचे दोन्ही डोळे डंखांनी मिटले होते. आंधळ्यासारखा चाचपडत तो गुडघ्यांवर बसला, आणि दोर त्याच्या मुठीतून सरकू लागला. वेढ्यांमुळे तो हळू सरकत होता, पण सरकत होता!

तीन झटके. पुन्हा तीन. घाईचे.

खाली कडू होता. बाईंच्या पायाखाली डब्याचा दोर होता. डब्यात अस्सल मध होता, त्यांचा आवाज, त्यांचा वर्ग, सगळं होतं. हात मात्र दोनच होते.

बाईंनी पाय उचलला.

बारीक दोर सर्रकन गेला. खूप खाली दगडावर पत्रा आदळल्याचा आवाज झाला. तोवर बाईंनी जाड दोर पकडला होता, अंजनाच्या मुळाला टाच रोवली होती. तळहातांची सालटं निघाली. ओढ! गोटूनं त्यांच्या मागून चाचपून दोर धरला. ओढ! पाठीवर डंख बसत होते. बाई ना ओरडल्या, ना त्यांनी हात झटकला. ओढ! कड्याच्या कडेवर आधी कोयता दिसला, मग घोंगडी, मग कडूचा रापलेला हात.

त्यानं धुरीचा पेटता पाला उचलून तिघांभोवती फिरवला आणि गोटूला धरून झुडपांतून खाली नेलं. अर्ध्या उतारावर थांबून तो नखानं माश्यांच्या नांगीचा एकेक काटा खरवडू लागला. गोटूला सरळ दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी त्याचे डोळे उघडले, आणि पहिल्यांदा त्यानं दाजीलाच शिव्या घातल्या, धुरी कमी केली म्हणून. कडूनंही मान खाली घालून ते कबूल केलं.

बाईंनी ते ऐकलं. केळ्यांची गोष्ट मात्र पोटातच ठेवली.

कड्यावर गेलेल्या दिवशीच, घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं, की पायथ्यापासून दवाखान्यापर्यंत आपण एक अवाक्षर काढलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि जमलं! कड्यावर डंख खाताना तोंड मिटून राहिलो, तर बुधवाऱ्यात भाजी घेताना का नाही राहता येणार? त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे मोजले. बरण्या सायलीनं उचलून माळ्यावर टाकल्या. घरात सायलीच्या ओढणीला झटके बसू लागले. एक म्हणजे चहा, दोन म्हणजे पुरे, तीन म्हणजे इकडे ये. सायली म्हणाली, "आत्या, घर में इतनी शांती! मला तर भीतीच वाटते."

कडूला चिठ्ठी लिहिता आली असती. बाईंनी ती लिहिली नाही. मौनाचं निमित्त बरं होतं, खरं म्हणजे धीर होत नव्हता. त्याची लाज त्यांना रोज वाटली.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. "गाठी बऱ्याच बसल्यात. हळू बोला, थोडं बोला. बोलून बघा पाहू काही."

बाईंनी मानेनंच नाही म्हटलं. बाहेर येऊन रिक्षावाल्याला जसोंडीचा रस्ता हातानंच दाखवला.

कडू अंगणात दोराला पीळ घालत बसला होता, शेजारी गोटू. बाई समोर उभ्या राहिल्या. घसा साफ केला. आवाज बारीक आला, पण स्वच्छ आला.

"भाऊ, त्या दिवशी केळी मी नेली होती. धुरीचा दोष नव्हता. गोटूभाऊ, चूक माझी."

गोटू आ वासून पाहत राहिला. कडूनं पीळ सोडला नाही.

"माहीत आहे, ताई. माशी डंख मारते तेव्हा तसाच वास सुटतो, पिकल्या केळ्याचा. बाकीच्यांना वाटतं, लढाई लागली. आमच्या बापाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तुम्हाला सांगायचं राहिलं. अन् थैली तर माझ्या कानाजवळून गेली."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"दोर तुम्ही धरला म्हणून मी वर आलो," कडू म्हणाला. "बोलायचं तर तुम्हीच बोलायचं होतं."

तो आत गेला आणि एक छोटी बाटली घेऊन आला. घोंगडीला आणि कोयत्याला चिकटलेला, खरवडून गाळलेला तेवढाच मध.

"घशासाठी नाही हां," तो म्हणाला. "पोळीशी खा."