मार गेला कुठं?

तळेगावजवळच्या शर्यतगाड्यांच्या प्रयोगशाळेत अरुंधतीनं वडिलांना आणलं ते खरं तर मिरवायला. अण्णांनी जन्मभर तांब्याचे बंब आणि घागरी ठोकल्या होत्या. लेकीनं धातुशास्त्रात डॉक्टरेट घेऊन नेमकं काय केलं, हे त्यांना कधी नीट कळलं नव्हतं.

"हा स्मरधातू, अण्णा. जिथं मार बसतो तिथले अणू नव्यानं गुंफले जातात आणि तो भाग आणखी कडक होतो. गाडी प्रत्येक अपघात लक्षात ठेवते."

"आमचं तांबंही ठेवतं," अण्णा म्हणाले. "भांडं कडक व्हावं म्हणून ठोक्याला ठोका लावून मठार मारतो, ते काय उगाच होय?"

ती हसली. गाडीला पाच अपघात झाले होते. पहिल्यात नाक चेपलं होतं. परवाच्या पाचव्यात भिंतीवर आदळूनही साधा पोचा पडला नव्हता. आणि पाचही वेळा आत तिचा धाकटा भाऊ मिहीर होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा. तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तो शर्यतीचं वेड सोडेना, तेव्हा 'तुझी गाडी मी करीन' म्हणाली आणि अकरा वर्षं त्यातच घातली.

प्रत्येक अपघातानंतर सांगाड्यावर ठोका मारून त्याचा नाद नोंदवायची इथं पद्धत होती. तिनं ते पाच नाद अण्णांना ऐकवले. धातू कडक होईल तसा चारपर्यंत सूर चढत गेला होता. चौथा आणि पाचवा मात्र अगदी सारखे होते.

"आता पक्की झाली," ती अभिमानानं म्हणाली.

अण्णांनी शेवटचे दोन पुन्हा लावायला सांगितले. कान देऊन ऐकले. त्यांचा चेहरा उतरला.

"अरू, आवाज बदलला नाही. म्हणजे पाचव्या वेळी गाडीनं मार खाल्लाच नाही. मग तो गेला कुठं?"

काचेपलीकडे गाडीजवळ उभ्या मिहीरला कुणीतरी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. सगळं अंगच वळवलं. अरुंधती धावतच त्याच्याकडे गेली.

"जरा अवघडलीय, एवढंच," विचारल्यावर तो म्हणाला. क्ष-किरणचित्रात मानेचा मणका चिरलेला दिसला. असा आणखी एक धक्का बसला असता तर मिहीर हाती लागला नसता.

"ठोकून ठोकून भांडं ताठर झालं की आम्ही ते लाल होईपर्यंत तापवतो," अण्णा म्हणाले. "सगळा मार विसरतं. पुन्हा मऊ होतं."

मिहीरची मान बरी होईपर्यंत पाच महिने गेले. मधल्या काळात तिनं तेच केलं. तो बसतो तेवढी पेटी कडक ठेवली. नाक, कुशी आणि पाठ भट्टीत घातली.

मिहीर भडकला. "ताई, तिच्या आठवणींवर तर मी वेग घेतो! तू तिला पुन्हा कच्ची केलीस?"

"हो, केली. तुला काही होण्यापेक्षा ती मोडलेली परवडली मला."

पुढच्या शर्यतीत नवव्या फेरीला पुढच्या गाडीचा टायर फुटला, आणि मिहीर भरधाव भिंतीवर गेला. गाडीच्या चिंध्या झाल्या. चाकं एकीकडे, नाक दुसरीकडे. आपल्याच हातानं आपण भावाला मारलं, असं अरुंधतीला वाटलं.

मग धुळीतून ती पेटी दिसली. तिच्यातून मिहीर स्वतःच्या पायांनी बाहेर आला. शिरस्त्राण काढून त्यानं मान वळवली, नुसती मान, आणि गर्दीत बहिणीला शोधलं.

"ताई, मोडली गं गाडी," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. तिनं त्याला घट्ट धरलं.

अण्णांनी वाकून नाकाचा पिळवटलेला तुकडा उचलला आणि पान्यानं त्यावर ठोका दिला. सूर पाचही नोंदींच्या वर चढला होता.

"हिनं खाल्ला गं," ते म्हणाले आणि त्या तुकड्यावरून हात फिरवत राहिले.